आजीच्या वर्तुळात आठ वर्षांची नात

वाचकाचं पत्र

ताई, नमस्कार. मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर इंग्लंडात एक्झेटरला आले. नवरा इथलाच. मुलगी आठ वर्षांची, मुलगा चार. माझ्या सासूबाई विक्का हा धर्म पाळतात. १९७० च्या दशकापासून त्या एका कव्हेनमध्ये, म्हणजे दीक्षा घेतलेल्यांच्या छोट्या गटात आहेत आणि स्वतःला मोकळेपणाने 'विच' म्हणवतात. नवऱ्याने दीक्षा घेतलेली नाही, पण त्यांचे सण तो लहानपणापासून करत आलाय. आमच्याकडे गणपतीही बसतो आणि डिसेंबरात यूलचा ओंडकाही पेटतो. आजवर कुणाची तक्रार नव्हती.

आता सासूबाई म्हणतात, ही विद्या त्यांच्या आजीपासून घराण्यात चालत आली आहे, तेव्हा येत्या ३१ ऑक्टोबरला, साऊइन या त्यांच्या सणाच्या रात्री, नातीचा देवीपुढे संकल्प करू. लेक हरखून गेली आहे. पण मागच्या महिन्यात फ्रीझरमध्ये मटारच्या पिशवीमागे मला एक चिठ्ठी सापडली. तिला खेळायला न घेणाऱ्या वर्गातल्या एका मुलीचं नाव, वर दोरा गुंडाळलेला. कुठल्याशा व्हिडिओत बघून केलं म्हणाली. पुढच्याच आठवड्यात ती मुलगी तापाने आजारी पडली, आणि तेव्हापासून माझी लेक रात्री दचकून उठते. शाळेत तिला 'विच' म्हणून चिडवतातही. साताऱ्याला आईच्या कानावर हे गेलं तर ती रडायलाच लागली. 'पोरीला देवाला सोडताय का? चेटकीण करताय का?' मी आड येऊ का? की त्यांच्या घराचा वारसा आहे म्हणून गप्प बसू?

एक आई, एक्झेटर


उत्तर

साऊइनचा निर्णय चार दिवस थांबू शकतो. चिठ्ठीचं मात्र आजच बघा.

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते लेकीचं दचकून उठणं. 'मी केलं आणि ती आजारी पडली' हे मनात घेऊन ती रोज झोपते आहे. लहान मुलं असा अर्थ लावतातच, त्यासाठी घरात विक्का असावा लागत नाही. आपण मनात आणलं आणि बाहेर घडलं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे मुलांना हळूहळू कळत जातं, असं झाँ पियाजे यांच्यापासून बालमानसशास्त्राचे अभ्यासक सांगत आले आहेत. आजोबांवर रुसलेलं मूल, दुसऱ्या दिवशी आजोबांना दवाखान्यात नेलं की गप्प होतं आणि कुणाला काही सांगत नाही. आठव्या वर्षापर्यंत हे बरंचसं ओसरत येतं. तुमच्याकडे अडचण अशी की घरातलं एक मोठं, मानाचं माणूस स्वतःच म्हणतं की शब्दांत आणि कृतीत शक्ती असते. म्हणजे लेकीच्या भीतीला आजीचा दुजोरा आहे, आजीच्या ते गावीही नसेल.

तेव्हा तिच्याजवळ बसा आणि स्वच्छ सांगा: तिला ताप आला तो जंतूंमुळे. तुझ्या चिठ्ठीमुळे आला नाही. चिठ्ठीने कुणालाच ताप येत नाही. यात 'बहुतेक' नको, 'तसं नसावं' नको. मुलं त्या एका शब्दाला धरून रात्रभर जागतात. मग दोघींनी मिळून ती चिठ्ठी बाहेर काढा, दोरा सोडवा, कागद ओला होऊन फाटला तर फाटू द्या, आणि रोजच्या कचऱ्यात टाका. कुणी सुचवेल की उतारा म्हणून एखादा छोटा विधी करावा, म्हणजे तिच्या मनाला बरं वाटेल. करू नका. उतारा केला की पहिली गोष्ट चालली होती, असंच तिला कळणार.

हेच सासूबाईंच्या तोंडूनही यायला हवं. तुमचं ती ऐकेल, पण या बाबतीत तिच्या लेखी जाणकार आजी आहे. सासूबाईंचा जादूवर विश्वास आहे, तो तुम्ही मोडायला जायचं नाही. त्यांना एवढंच सांगायला सांगा की लहान मुलांच्या चिठ्ठ्यांनी कुणाला काही होत नाही. आणि एक गोष्ट मात्र कुणीही बोलू नये. विक्कामध्ये बरेच जण मानतात की जे कराल ते तिपटीने आपल्याकडे परत येतं. मोठ्यांसाठी तो स्वतःला आवर घालायचा नियम असेल. आधीच घाबरलेल्या मुलीला तो ऐकवणं म्हणजे आता तुझ्यावर काय कोसळतंय ते बघ, असं सांगणं. त्यापेक्षा त्यांच्याच परंपरेतलं दुसरं वचन तिच्या कामाचं आहे: कुणाला इजा होणार नसेल, तर तुझ्या मनाप्रमाणे कर. समोरच्याला न विचारता त्याच्या नावाने काही करणं अनेक विक्कन लोक चूकच मानतात. म्हणजे 'माणसांवर मंत्र चालवायचे नाहीत' हा नियम तुम्ही बाहेरून लादत नाही आहात, तो आजीच्याच घरातला आहे.

त्या मुलीचं नाव चिठ्ठीवर का आलं, हे मात्र विसरू नका. लेकीला मधल्या सुट्टीत कुणी खेळायला घेत नाही. त्याचा उपाय वर्गशिक्षकांशी बोलण्यात आहे, आणि तो तुमचा आणि तुमच्या नवऱ्याचा आहे, तिचा नाही. दोन-तीन आठवड्यांत झोप पूर्ववत झाली नाही तर जीपीला, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि सगळं खरं सांगा, आजीच्या धर्मासकट.

आता संकल्प. माझं मत विचारलंत तर या साऊइनला तो नको. आणि हे सांगताना तुम्हाला विक्काच्या विरोधात उभं राहावं लागत नाही, कारण विक्काची स्वतःची रीत तुमच्या बाजूने आहे. गार्डनेरियन आणि अलेक्झांड्रियन या जुन्या शाखांमध्ये दीक्षा प्रौढांनाच मिळते, सहसा अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर. त्यांच्यात तान्ह्या बाळासाठी एक सोहळा असतो, त्याला विक्कनिंग म्हणतात. आपल्याकडच्या बारशासारखा. त्यात देवी आणि देव यांच्याकडे बाळासाठी संरक्षण मागतात, आणि वचन द्यायचं ते मोठ्यांनी, बाळाला सांभाळायचं. बाळाने पुढे कोणती वाट धरायची ते त्याचं त्याने ठरवावं, असं तिथे मानतात. मुलाच्या तोंडून शपथ वदवून घ्यायची नाही, हा त्यातला मुद्दा, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. आठ वर्षांच्या मुलीला लाडक्या आजीने सगळ्यांसमोर, मेणबत्त्यांच्या उजेडात विचारलं, तर ती हो म्हणणारच. नाही म्हणायची सोय तिला नसेल, तर त्या होकारात तिचं स्वतःचं असं काय आहे?

सासूबाईंना आशीर्वाद द्यायचा असेल तर जरूर द्यावा. डोक्यावर हात ठेवून त्यांच्या देवीचं नाव घेऊन 'सुखी राहा' म्हणावं. पण नातीने काही कबूल करायचं नाही, कशाला बांधून घ्यायचं नाही, आणि 'पाचवी पिढी' हे बिरुद तिला चिकटवायचं नाही.

हे बोलणं तुमच्या नवऱ्याने करावं. त्याच्या आईला तो सांगेल आणि सून सांगेल यात फरक पडतो, तो साताऱ्यात पडतो तसाच तुमच्या डेव्हन परगण्यातही. शिवाय त्याच्याकडे असं एक कारण आहे जे तुमच्याकडे नाही. त्याला स्वतःला दीक्षा दिली गेली नाही. तो सणांत वाढला, निवड त्याच्यावर सोडली, आणि त्याने अजून घेतलेली नाही. 'आई, तू मला जेवढं मोकळं ठेवलंस तेवढंच मला माझ्या मुलीला ठेवायचं आहे' हे वाक्य त्याच्याइतक्या हक्काने दुसरं कुणी बोलू शकत नाही. मात्र आधी तुम्ही दोघं निवांत बसा आणि त्याला विचारा, लहानपणी हे सगळं कसं होतं? काय आवडायचं, कशाची भीती वाटायची, मित्रांपासून काय लपवायला लागायचं? इतक्या वर्षांच्या संसारात हा प्रश्न राहून गेला असेल, तर आता विचारायची वेळ आहे.

घराण्यात चालत आलेल्या विद्येबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मुलीला काय सांगायचं ते त्यावर अवलंबून आहे.

आज ज्याला विक्का म्हणतात त्याची सुरुवात विसाव्या शतकातल्या इंग्लंडमधली. जेराल्ड गार्डनर हे मलायातून निवृत्त झालेले कस्टम्स अधिकारी. १९३९ साली न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या गटाने आपल्याला दीक्षा दिली, असं ते सांगत. १७३५ चा विचक्राफ्टचा कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, आणि १९५४ मध्ये त्यांनी या उपासनेबद्दल उघडपणे पुस्तक लिहिलं. डोरीन व्हॅलिएंटे यांनी १९५३ मध्ये त्यांच्याकडून दीक्षा घेतली आणि पूजेतले पाठ नव्याने बांधले. आज म्हटलं जाणारं पुष्कळसं सुंदर शब्दांकन या बाईंचं आहे. आठ सणांचं वर्षचक्रही त्याच दशकात बसवलं गेलं, सण एकेकटे जुने असले तरी. हा सगळा इतिहास ब्रिस्टल विद्यापीठाचे रोनाल्ड हटन यांनी कागदपत्रांनिशी उलगडला, आणि तोही या लोकांबद्दल आदर ठेवून. अश्मयुगापासून अखंड चालत आलेला गुप्त धर्म, ही कल्पना इतिहासकारांनी केव्हाच सोडून दिली आहे.

'मला माझ्या आजीने दिलं' हा दावाही या परंपरेत नवा नाही. अलेक्झांड्रियन शाखा ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते अ‍ॅलेक्स सँडर्स सांगत की लहानपणी आजीनेच त्यांना दीक्षा दिली. अभ्यासक ते खरं मानत नाहीत. तुमच्या सासूबाईंच्या आजीबद्दल मी काही म्हणणार नाही. खेड्यात झाडपाल्याची औषधं देणाऱ्या, चामखीळ घालवणाऱ्या, हरवलेली वस्तू कुठे असेल ते सांगणाऱ्या बायका आणि पुरुष इंग्लंडभर होते, डेव्हनमध्ये तर पुष्कळ. त्या आजी तशा असतीलही. पण ते आणि विक्का एकच नव्हेत. सासूबाईंनी स्वतः पन्नास वर्षं निष्ठेने जे जपलं, तेच पुरेसं मोठं आहे. त्याला हजारो वर्षांचा आधार लागत नाही. लेकीला सांगताना 'आजीच्या तरुणपणी हे तिला सापडलं आणि तिला फार आवडलं' असं सांगा. खरं आहे, आणि उद्या ती मोठी होऊन वाचायला लागली तर आपल्याला फसवलं असं तिला वाटणार नाही.

याच कारणासाठी 'नव्वद लाख चेटकिणींना जाळलं' हा आकडा घरात येऊ देऊ नका. तो चुकीचा आहे. साधारण १४५० ते १७५० या काळात युरोपभर चाळीस ते साठ हजार माणसं मारली गेली, असा आजचा अंदाज आहे, आणि तोही काळीज हलवणारा आहे. इंग्लंडात या आरोपाखाली जाळत नसत, फाशी देत. तुमच्या एक्झेटरलाच १६८२ मध्ये बिडफर्डच्या तीन गरीब बायकांना फाशी झाली: टेम्परन्स लॉइड, सुझॅना एडवर्ड्स आणि मेरी ट्रेंबल्स. रूजमाँट किल्ल्याच्या दाराशी त्यांच्या नावाची पाटी आहे. लेक बारा-तेराची झाली की तिला ती नक्की दाखवा. त्या बायका विक्कन नव्हत्या, तशा कुणी असण्याचा तेव्हा प्रश्नच नव्हता. शेजाऱ्यांनी बोट दाखवलं आणि न्यायालयाने मान डोलावली, एवढंच त्यांचं जादूटोण्याशी नातं.

लँकशरच्या पेंडल भागातला १६१२ चा खटला तर मला विसरता येत नाही. जेनेट डिव्हाइस नावाची साधारण नऊ वर्षांची मुलगी टेबलावर उभी करून साक्षीला आणली गेली. तिच्या साक्षीवर तिची आई, भाऊ आणि आणखी माणसं दोषी ठरली. घरातल्या मोठ्यांच्या श्रद्धा आणि शेजाऱ्यांची भीती या दोन्हींचा भार त्या पोरीच्या तोंडी आला. काळ बदलला, तरी घरातल्या मोठ्यांची ओळख जगापुढे पेलण्याचं काम मुलावर टाकायचं नाही, हे मला त्या खटल्यावरून पटलेलं आहे.

मग मुलीला द्यायचं काय? भरपूर आहे.

वर्षचक्र द्या. ३१ ऑक्टोबरचं साऊइन, डिसेंबरातल्या सर्वांत मोठ्या रात्रीचं यूल, फेब्रुवारीच्या सुरुवातीचं इंबोल्क, मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाचं ओस्टारा, १ मेचं बेल्टेन, जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसाचं लिथा, १ ऑगस्टचं लुनासा आणि सप्टेंबरातलं मेबन. यातलं प्रत्येक काही धूमधडाक्यात करायला नको. इंबोल्कला अंगणात स्नोड्रॉपची पहिली फुलं शोधायला जाणं आणि घरी आल्यावर एक दिवा लावणं, एवढ्यात सण होतो. लुनासाला पाव भाजा. चार वर्षांच्या मुलाला कणीक मळायला द्या, त्याचा सण तिथेच झाला. यूलला तुमचा ओंडका आहेच. संध्याकाळी चारलाच अंधार पडतो त्या दिवशी घरातले सगळे दिवे मालवायचे, थोडा वेळ अंधारात शांत बसायचं, मग मुलीने एक मेणबत्ती पेटवायची आणि तिच्यावरून सगळ्यांनी आपापली. संत्र्यात लवंगा खोचून ते दारात टांगायचं. मुलं त्या लवंगा खोचताना बोटं दुखली तरी सोडत नाहीत, आणि पुढे आठवडाभर घराला वास राहतो. जूनमध्ये पहाटे स्टोनहेंजला जाता येतं. २००० सालापासून सर्वांत मोठ्या दिवसाच्या आदल्या रात्री तिथे सगळ्यांना मोफत, दगडांपर्यंत सोडतात. गर्दी फार असते, मुलाला खांद्यावर घ्यावं लागेल.

साऊइन मृतांची आठवण काढायचा सण. अनेक घरांत त्या रात्री एक पान जास्त वाढतात, गेलेल्यांसाठी. तुम्हाला यात परकं काय वाटेल? सर्वपित्रीला पान वाढलेलं तुम्ही लहानपणापासून बघितलंय. काही वर्षी दिवाळीही त्याच सुमाराला येते, २०२४ मध्ये नरकचतुर्दशी नेमकी ३१ ऑक्टोबरला होती. या वर्षी संकल्पाच्या जागी हे करा: टेबलावर सासूबाईंच्या आजीचा फोटो ठेवा आणि तुमच्या आजीचाही. दोघींच्या आवडीचा एकेक पदार्थ करा. आणि मुलीला दोघींच्या गोष्टी सांगा.

आजीचं वर्तुळही, म्हणजे पूजेसाठी आखायची गोल जागा, तिला बघू द्या, मुलांसाठीचं. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी अशा चार दिशांना हाक देतात. मुलीच्या हातात मिठाची वाटी द्यावी आणि उत्तरेला उभं करावं. मोठ्यांना एकदा आखलेल्या वर्तुळातून मध्येच बाहेर पडायचं तर हवेत दार कापावं लागतं. मुलं आणि मांजरं मात्र हवी तेव्हा आत-बाहेर करू शकतात, असं विक्कन लोक म्हणतात. मला हे फार आवडतं. तुमच्या घरातला नियमही हाच ठेवा. लेक कंटाळली, तिला भूक लागली, किंवा 'यंदा मला नको' म्हणाली, तर कुणीही नाराज चेहरा करायचा नाही.

काही गोष्टी मात्र ठाम असू द्या. मोठ्यांचं वर्तुळ वेगळं आणि मुलांचं वेगळं. गार्डनेरियन परंपरेत प्रौढांनी विवस्त्र उपासना करण्याची रीत आहे. ती त्यांची मर्जी, पण मुलं त्या घरात त्या वेळी असता कामा नयेत. अथामे, म्हणजे पूजेतला सुरा, कुलपात. मुलांनी बोट किंवा लाकडी काठी वापरावी. मेणबत्तीजवळ मोठं माणूस, लांब केस बांधलेले. कुणाला दमा असेल तर धूप नाही. मिसलटोची फळं, यूच्या बिया, फॉक्सग्लव्ह, बेलाडोना ही विषारी झाडं आहेत. आजीच्या बागेत असतील तर कुंपणाआड हवीत, चार वर्षांचा मुलगा सगळं तोंडात घालतो. आजारपणात आधी डॉक्टर. कुणासाठी मेणबत्ती लावायची असेल तर लावताना मुलीला सांगा की आपण त्यांची आठवण काढतोय, बरं करायचं काम डॉक्टर करताहेत. नाहीतर ते माणूस गेलं तर ती पुन्हा रात्रभर जागेल.

आणि गुपितं नाहीत. 'हे आईला सांगू नकोस' असं कुणीही, कितीही प्रेमळ असलं तरी, म्हणालं, तर ते लगेच आईला सांगायचं, हे लेकीला आजच शिकवा. सासूबाईंना हे टोचेल. त्यांना समजून घ्या. त्यांच्या पिढीला गुप्ततेची सवय भीतीपोटी लागली आहे. १९९१ च्या फेब्रुवारीत स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर पहाटे घरात शिरून नऊ मुलांना आईवडिलांपासून काढून नेलं होतं, सैतानी विधींच्या निराधार संशयावरून. एप्रिलमध्ये मुलं परत आली. तेव्हा तुमचा नवरा लहान असेल. आपल्या मुलाचं काय होईल, या धाकात तुमच्या सासूबाईंनी ते महिने काढले असतील. विक्कामध्ये सैतान नाहीच, त्यांची देवी आहे आणि शिंगं असलेला देव आहे, पण हे त्या वेळी कोण ऐकत होतं? तरीही आजची नात ते ओझं वाहणार नाही, हे त्यांना प्रेमाने सांगावं लागेल.

आज परिस्थिती वेगळी आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४,००० लोकांनी धर्म 'पेगन' (विक्कासारख्या निसर्गपूजक पंथांचं एकत्रित नाव) लिहिला आणि सुमारे १३,००० लोकांनी 'विक्का'. २०१० चा समता कायदा धर्म आणि श्रद्धेवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध संरक्षण देतो. अमेरिकेत इंडियाना राज्यात एका न्यायाधीशाने घटस्फोटाच्या निकालात आईवडिलांना आपल्या मुलाला विक्कासारख्या श्रद्धांपासून दूर ठेवायला सांगितलं होतं, आणि ते दोघंही स्वतः विक्कन होते. २००५ मध्ये वरच्या न्यायालयाने ती अट काढून टाकली. म्हणजे घाबरून जायचं कारण नाही. वर्गशिक्षकांना भेटा, साधेपणाने सांगा की आजीचा धर्म विक्का आहे, घरी आम्ही ते सण आणि हिंदू सण दोन्ही करतो, आणि चिडवणं थांबायला हवं. लेकीला एक उत्तर तयार करून द्या: 'ती माझ्या आजीची पूजा आहे.' याच्या पुढे काही सांगायचं की नाही ते तिने ठरवावं. गळ्यात पंचकोनी तारा घालून शाळेत पाठवायची घाई नको.

राहिल्या साताऱ्याच्या आई. त्यांचं रडणं अज्ञानातून आलेलं नाही. महाराष्ट्रात मुली देवाला सोडल्या गेल्या आहेत, आणि ते कायद्याने बंद करावं लागलं. नंदुरबारकडच्या भागात डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं आहे. करणी-भानामतीच्या नावावर लोकांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्यभर काम केलं, २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा पुण्यात खून झाला, आणि त्यानंतर कुठे जादूटोणाविरोधी कायदा आला. हे सगळं ज्यांनी बघितलं त्या बाईला नातीबद्दल हे शब्द ऐकून काय वाटलं असेल! तो कायदा तुमच्या सासूबाईंच्या मेणबत्त्यांविरुद्ध नाही. नरबळी, अघोरी उपचार, भूत काढायच्या नावाखाली मारहाण, चमत्कार सांगून फसवणूक, एखाद्याला करणी करणारा ठरवून छळणं, हे तो थांबवतो. आईला फोनवर पटवायला जाऊ नका. यूलच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावा आणि नातीला संत्र्यात लवंगा खोचताना दाखवा. आणि हेही सांगा की मुलीचा संकल्प होणार नाही, कारण त्यांची मुख्य भीती ती आहे, आणि ती रास्त आहे.

शेवटी तुमचा प्रश्न, आड येऊ का. तुम्ही आड येत नाही आहात, तुम्ही आई आहात. त्या घरातला वारसा जसा सासूबाईंचा, तसा तुमचाही. गणपतीत सासूबाईंना आरतीला बोलावता ना? मग त्यांच्या वर्तुळातही तुम्ही तुमच्या अटींवर जा, किंवा बाहेर खुर्ची टाकून बसा. बाहेर बसलेली आई मुलीला दिसत राहील अशा बेताने बसा. 'आई, देवी खरी की बाप्पा खरा?' असं तिने विचारलं तर तुम्हाला जे वाटतं ते सांगा, आजीला वेगळं वाटतं हेही सांगा, आणि बाबांना काय वाटतं ते तिला त्यांनाच विचारू द्या.